फुलांच्या खोलीतली टोपली

तिचं दुकान फुलांचं आणि नाव मिरचीताई. आईबापांनी ठेवलेलं नाव अर्थात निराळं होतं, पण ते आता कागदोपत्रीच उरलं होतं. बाजारातल्या प्रत्येकाने तिच्या जिभेची चव कधी ना कधी चाखलेली, त्यामुळे हे नाव एकमताने पडलं. गुलाबाचे काटे सोलता सोलता ती समोरच्या गिऱ्हाइकालाही सोलून काढायची. गिऱ्हाईक तरी कसलं बेरकी! दोन टोमणे खाऊन, चार फुलं जास्तीची घेऊन हसत घरी जायचं, कारण ही बाई मनाने लोणी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तर या मिरचीताईचं एकाच माणसाशी मुळीच जमत नव्हतं, आणि ते माणूस नेमकं तिच्या लेकीची सासू निघालं. आता याला काय म्हणावं?

विहीणबाईंचा व्यापार फळांचा. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं मोठं गोदाम होतं, आत एक भलीमोठी थंड खोली. नवरा गेल्यापासून सगळा कारभार त्या एकट्या हाकत होत्या. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मिरचीताई पहिल्यांदा त्यांच्या घरी गेली, ती स्वतःच्या हाताने बांधलेला गुच्छ घेऊन. सकाळभर खपून बांधला होता हो! विहीणबाईंनी तो हातात घेतला, क्षणभर नाकाशी धरला आणि परत तिच्याच हातात देत म्हणाल्या, "आमच्या घरी फुलं नकोत. आमच्याकडे टिकत नाहीत."

झालं! फुलवालीची फुलं परत! तिला वाटलं, त्यापेक्षा तोंडावर दार आपटलं असतं तरी चाललं असतं. लेकीकडे बघून तिने तो घोट गिळला, पण तो पोटात काही उतरला नाही, घशातच बसून राहिला.

लेक मात्र सासरी छान रुळली. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. जावई गरीब स्वभावाचा, दिवसभर टेम्पोवर. आणि लेक सासूला 'अहो आई' म्हणायची ते इतक्या लाडाने, की मिरचीताईच्या पोटात बारीकसं दुखायचं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं का ते?

अशात शहरातल्या मोठ्या सभागृहाचं काम मिरचीताईला मिळालं. तिथल्या मॅनेजरबाईंना प्रत्येक समारंभाला स्टेजभर कार्नेशनची झालरदार फुलं हवी असायची. सकाळी आणून संध्याकाळी विकायचं, असा मिरचीताईचा आजवरचा धंदा. एवढी फुलं आदल्या दिवशीपासून ठेवायची कुठे? लेकीने लगेच तोड काढली. "अहो आईंची थंड खोली अर्धी रिकामीच असते. मध्ये पक्की भिंत घालू, दार वेगळं करू. फळं पलीकडे, फुलं अलीकडे."

"भिंत कशाला? तुझ्या सासूला माझं तोंड दिसू नये म्हणून?"

"आई! पिकलेल्या फळांतून एक वायू सुटतो, तो फुलांना बाधतो. म्हणून." आणि तिने फुलांच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली: 'फळांचा माल या बाजूला आणू नये.' विहीणबाईंनी ती वाचली आणि मान डोलावली. मिरचीताईनेही वाचली. दोघी बाजारात आयुष्य काढलेल्या. माल कशाला म्हणतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

पहिल्या समारंभाच्या वेळी बादल्या नीट लावून मिरचीताई जरा बाहेर जाऊन आली, तर कोपऱ्यात एक टोपली दिसली. वर स्वच्छ रुमाल, खाली लालचुटुक सफरचंदं, घमघमाट सुटलेली. सोबत ना चिठ्ठी ना निरोप. मिरचीताईच्या कपाळावर आठी चढली. माझी फुलं चालली नाहीत आणि स्वतः मात्र फळं देऊन मोठेपणा मिरवतात! आम्ही काय फळं विकत घेऊ शकत नाही? तिने पायाने टोपली बादल्यांच्या मागे सरकवली आणि हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृहात बादल्या उघडल्या आणि बघते तर काय! कार्नेशन झोपली होती. वाळली नव्हती, सडली नव्हती. पाकळ्या आत वळवून, डोळे मिटल्यासारखी बसली होती. ताज्या पाण्यात ठेवली, देठ पुन्हा कापले, नाही नाही ते केलं. पण झोपलेलं कार्नेशन काही जागं होत नाही. मॅनेजरबाईंनी हसून एवढंच म्हटलं, "होतं कधी कधी."

दुसऱ्या समारंभाला पुन्हा तेच. नवी फुलं, स्वच्छ बादल्या, कोपऱ्यात पुन्हा रुमाल घातलेली टोपली, ती पुन्हा मिरचीताईने ढकललेली, आणि सकाळी पुन्हा सगळी फुलं गाढ झोपेत. या वेळी मॅनेजरबाई हसल्या नाहीत. "ताई, सभागृहाचा वर्धापनदिन आहे. सगळं शहर येणार. तेव्हाही अशीच फुलं आली, तर मला दुसरीकडे बघावं लागेल."

मिरचीताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रकाश चुकीचा होता, पण पडला मात्र लख्ख. वीज वाचवायला ही बाई रात्रीची थंडी बंद करते! नाहीतर माझी फुलं माझ्या बादल्यांत, माझ्या पाण्यात अशी कशी झोपतील?

लेक दुकानात आली तेव्हा तिने हे बोलूनही टाकलं. लेकीचा चेहरा पडला.

"आई, त्या असं करणार नाहीत."

"तू त्यांचीच बाजू घे!"

"मी कुणाची बाजू घेऊ? दोघी आयाच आहात ना माझ्या? घरी त्या विचारतात, तुझी आई माझ्याशी बोलत का नाही, आणि इथे तू हे असं. मधल्यामध्ये माझं भरीत होतंय." तिचे डोळे भरून आले. मिरचीताईने घाईघाईने तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. लेक थोडी शांत झाली, तशी तिच्यातली मास्तरीण जागी झाली. "हे बघ, झाडाला ना बाजार, ना दवाखाना, ना पळून जायला पाय. मग लागेल ते सगळं ते स्वतःच्या अंगात बनवतं. शेंड्यात एक हार्मोन तयार होतो, तो खाली उतरतो आणि बाजूच्या कळ्यांना दटावून झोपवतो. तू शेवंतीचा शेंडा खुडतेस, मग ती झुडपासारखी का फुटते? दटावणारा गेला म्हणून!"

"ते मला तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे. हार्मोनबिर्मोन नव्हतं माहीत."

"अळीने पान कुरतडलं की झाड दुसरा हार्मोन बनवतं, आणि मग पानंच अळीला पचेनाशी होतात. कडक उन्हाने पेशी करपू नयेत म्हणून क जीवनसत्त्व बनवतं, ते काही आपल्या सर्दीसाठी नाही. मिरचीचा तिखटपणासुद्धा तसाच. बियांना बुरशी लागू नये, कुणी चावून टाकू नये म्हणून. आतून ती भित्रीच असते गं."

"मला कशाला ऐकवतेस?" मिरचीताई म्हणाली, पण तिला हसू फुटलं होतं.

"आणि फूल कधी कोमेजायचं हेही हार्मोनच सांगतो. हा मात्र वायू आहे. इथिलीन. पिकणाऱ्या फळातून सुटतो, कोमेजणाऱ्या फुलातूनही सुटतो. तू सुकलेलं फूल बादलीतून लगेच काढतेस ना? एकाने जांभई दिली की शेजाऱ्यालाही येते, तसं आहे ते. म्हणून विचारते, नीट आठवून सांग. तिथे फळं होती का?"

मिरचीताईने क्षणभरही विचार केला नाही. "एक पेटी नव्हती! शपथ घेऊन सांगते. अगं, फळांचा माल त्या भिंतीच्या पलीकडे, तुझ्या सासूने कणभरही इकडे येऊ दिला नाही. तेवढं मी मान्य करते."

आणि ती खोटं बोलत नव्हती बरं का. टोपली तिच्या डोक्यात आलीच नाही. टोपली म्हणजे अपमान होता, आणि अपमानाला कोण फळ म्हणतं?

लेक गेली, पण तिचे भरलेले डोळे काही मिरचीताईच्या नजरेसमोरून हलेनात. सभागृह गेलं तर धंदा बसेल, आणि विहिणीशी भांडण झालं तर लेकीचं घर नासेल. पुराव्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं तिने ठरवलं. चोर रंगेहाथ पकडायचा.

वर्धापनदिनाची फुलं आदल्या दुपारी आली. मिरचीताईने बादल्या लावल्या, दार ओढून घेतल्याचा आवाज केला आणि स्वतः आतच राहिली. अंगात नवऱ्याचा जुना ओव्हरकोट, डोक्याला मफलर, पायांत दोन जोड मोजे. उंच दांड्यांच्या गुलाबांमागे एका उलट्या बादलीवर ती दबा धरून बसली. पहिल्या पाच मिनिटांत तिला आपण फार हुशार आहोत असं वाटलं. पुढच्या पाचांत नाक वाहायला लागलं. त्यानंतर दात वाजायला लागले, आणि ते विहिणीला ऐकू जातील म्हणून तिने मफलरचं टोक तोंडात धरलं.

दार उघडलं. विहीणबाईच होत्या! मिरचीताईने श्वास रोखला. पण विहीणबाई थंडीच्या बटणाकडे गेल्याच नाहीत. हातात टोपली होती. ती खाली ठेवून त्या गुडघ्यांवर बसल्या आणि एकेक सफरचंद अॅप्रनने पुसून नीट रचायला लागल्या. खोलीत कुणी नाही अशा समजुतीने त्या स्वतःशीच बोलत होत्या, आणि केवढं बोलत होत्या! वर्षभरात एवढे शब्द मिरचीताईने त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते.

"घे बाई, खा. दिवसभर उभी असतेस, तोंडात घास टाकत नाहीस. अख्ख्या गोदामातली निवडून आणते, पार पिकलेली, वास सुटलेली, आणि तू दोन्ही वेळेला टोपली तशीच टाकून गेलीस. एवढी का मी वाईट? त्या दिवशी फुलं परत केली ते चुकलंच माझं. पण सांगायचं कसं? मला बोलता कुठे येतं तुझ्यासारखं." त्यांनी रुमाल पसरला, चारी टोकं नीट खोचली. "पोरीला एवढं छान वाढवलंस. तिच्या आईशी चार शब्द बोलावेत एवढंच म्हणते मी, दुसरं काय."

गुलाबांमागे मिरचीताईचं नाक, डोळे आणि घसा एकदम भरून आले. वर्षभर घशात अडकलेला तो घोट हलला. आणि नेमकी त्याच वेळी, देवा रे, तिला शिंक आली. साधीसुधी नाही, बादली हलवणारी शिंक.

विहीणबाई किंचाळल्या. मिरचीताई उठायला गेली, मोज्यांवर घसरली आणि गुलाबांच्या दोन बादल्यांसकट त्यांच्या पुढ्यात येऊन बसली. ओव्हरकोट भिजलेला, मफलर तोंडात.

"तुम्ही?" विहीणबाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "इथे काय करताय?"

मिरचीताईने मफलर तोंडातून काढला. आयुष्यात प्रथमच तिच्याकडे टोमणा तयार नव्हता, म्हणून तिने खरं तेच सांगितलं. "तुम्हाला पकडायला बसले होते. मला वाटलं, तुम्ही थंडी बंद करता."

"मी? अहो, थंडी बंद केली तर माझा माल आधी सडेल!"

ही गोष्ट मिरचीताईला इतके दिवस सुचली नव्हती. मग विहीणबाईंच्या ओठाचा कोपरा हलला, मिरचीताईच्या पोटात गुदगुल्या झाल्या, आणि त्या पाण्यात बसून दोघी अशा हसायला लागल्या की बाहेर हमाल थबकले.

कॉलेजातून परतताना लेक गोदामात डोकावली होती, ती आवाज ऐकून धावत आली. भिजलेली आई, गुडघ्यावर बसलेली सासू, सगळीकडे गुलाब, हे तिने पाहिलं. मग तिची नजर टोपलीवर गेली आणि तिचा आवाज चढला. "ही सफरचंदं इथे कुणी आणली?"

"मी," विहीणबाई म्हणाल्या. "तुझ्या आईसाठी. दर वेळी आणते."

"दर वेळी? आई, तुला माहीत होतं?"

"होतं. मी मागे सरकवायची."

"मी तुला विचारलं होतं, फळं होती का म्हणून! तू शपथ घेतलीस!"

"तू फळांचं विचारलंस. ही कुठे फळं आहेत? हा तर..." मिरचीताई थांबली. अपमान, असं म्हणायचं होतं, पण आता तो शब्द तोंडातून निघेना.

"पाटी वाचली नाही का तुम्ही, अहो आई?"

"वाचली की. फळांचा माल आणू नये." विहीणबाई खरोखरच गोंधळल्या होत्या. "हा माल कुठे आहे? ही भेट आहे."

लेकीने कपाळावर हात मारला. "वायूला ते कळतं होय? पार पिकलेली सफरचंदं, बंद खोली, आणि कार्नेशनसारखं नाजूक फूल! ही सफरचंदं अख्खा वेळ 'पिका, पिका' म्हणून सांगत बसतात, आणि फुलांना वाटतं आपलाच निरोप आला, आपली वेळ झाली. एवढंसं इथिलीन पुरतं त्यांना. एक झोपलं की तेही तोच वायू सोडतं." मग ती आईकडे वळली. "आणि तू! पहिल्याच दिवशी टोपली घरी नेऊन मुकाट्याने खाल्ली असतीस, तर काहीसुद्धा झालं नसतं."

मिरचीताईने मान खाली घातली. विहीणबाईंच्या मायेने फुलं झोपली होती हे खरं, पण ती माया तिथे रात्रभर ठेवली कुणी? हिच्या ताठ्याने. यात विहिणीकडे बोट दाखवायला जागाच नव्हती, आणि गंमत म्हणजे तिला त्याचं वाईटही वाटलं नाही.

"आजची गेली का गं फुलं?" तिने भीत भीत विचारलं.

"आताच आली ना टोपली? मग नाही. पण ही आधी बाहेर काढा, आणि दार थोडं उघडं ठेवा."

टोपली बाहेर गेली आणि तिच्यामागे तिघीही. गोदामाच्या दारात पेट्यांवर बसून त्यांनी सफरचंदं खाल्ली. मिरचीताईने सुरी मागितली तर विहीणबाई म्हणाल्या, "सालीसकट खा हो. झाडाने सालीत बरंच काही साठवलेलं असतं." लेक काहीतरी सुधारून सांगायला निघाली होती, पण दोन्ही आयांनी एकदम तिच्याकडे पाहिलं आणि तिने तोंडात फोड टाकली. मिरचीताईने सलग तीन सफरचंदं खाल्ली. इतकी गोड फळं ती दोनदा पायाने ढकलून आली होती, याची तिला मनापासून लाज वाटली.

वर्धापनदिनाला स्टेजवरची कार्नेशन अशी टवटवीत उभी होती, की मॅनेजरबाईंनी वर्षभराचं काम तिथल्या तिथे पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी उरलेली फुलं घेऊन मिरचीताई विहीणबाईंच्या घरी गेली. या वेळी दारातच म्हणाली, "परत देऊ नका, मी नेणार नाही."

विहीणबाईंनी फुलं घेतली, पण चेहरा उतरला. त्या तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे भिंतीपाशी टेबलावर त्यांच्या नवऱ्याचा फोटो होता. फोटोशेजारी फळांनी भरलेलं मोठं भांडं. पिवळीधमक केळी, पिकलेली सफरचंदं, पेरू.

"त्यांना फळं फार आवडायची," त्या हळूच म्हणाल्या. "रोज ताजी ठेवते. पहिल्यांदा फुलंही ठेवायची. पण संध्याकाळपर्यंत सगळी माना टाकायची. कितीदा आणली, कितीदा पाणी बदललं. शेवटचं बोलणं आमचं भांडणाचं झालं होतं हो. मला वाटायचं, अजून रागावलेत. माझ्या हातची फुलं नको आहेत त्यांना. म्हणून मी घरात फूल आणणंच सोडलं."

मिरचीताई त्या भांड्याकडे बघत राहिली. तिला सगळं एकदम समजलं, आणि या बाईने इतकी वर्षं मनात काय बाळगलं तेही समजलं. तिने ते जड भांडं दोन्ही हातांनी उचललं, सरळ स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं आणि मधलं दार लावून घेतलं. मग खिडकी उघडली, फुलांचे देठ तिरके कापले आणि ती पाण्यात घालून फोटोपुढे ठेवली.

"रागाबिगावलेले नाहीत," ती म्हणाली. आवाज तिखट ठेवायचा तिने खूप प्रयत्न केला, पण जमलं नाही. "केळी होती ती. नुसती केळी."

विहीणबाईंनी मिरचीताईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुढचे काही दिवस सभागृहाच्या कामात गेले. मग एका सकाळी दुकानात काटे सोलत असताना फोन वाजला. समोर गिऱ्हाईक ताटकळत होतं. फोनवर विहीणबाई होत्या.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "अजून उभी आहेत हो."

गिऱ्हाइकाने पाहिलं, मिरचीताईच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती.

"आज पाणी बदला," ती म्हणाली. "आणि देठ पुन्हा तिरके कापा. मी संध्याकाळी येतेय, फळं खायला."